फ्रूट मशीन: कॅनडा सरकारने बनवून घेतलेल्या एका यंत्राचं परीक्षण

पाचपैकी अर्धा गुण, आणि तोही खुर्चीला. दाताच्या डॉक्टरकडे असते तशी ती खुर्ची होती. माणूस निदान टेकून बसू शकत असे. बाकी यंत्राबद्दल बरं म्हणावं असं फारसं सापडत नाही.

काम एकच: समोर बसलेला सरकारी कर्मचारी समलिंगी आहे की नाही ते सांगणं. गिऱ्हाईक कॅनडाचं केंद्र सरकार. बनवणारे ऑटावाच्या कार्लटन विद्यापीठातले मानसशास्त्राचे प्राध्यापक फ्रँक रॉबर्ट वेक. काळ १९६० च्या दशकाची सुरुवात ते १९६७. कागदोपत्री त्याला 'विशेष प्रकल्प' म्हणत. 'फ्रूट मशीन' हे नाव पोलिसांतल्याच लोकांनी कुचेष्टेने ठेवलं, कारण समलिंगी पुरुषाला तिकडे तेव्हा 'फ्रूट' म्हणून हिणवायची पद्धत होती.

आता हे यंत्र बाजारात मिळत नाही, तेव्हाही मिळत नव्हतं, मग परीक्षण कशाला? कारण त्याची गोष्ट बहुतेक वेळा विनोद म्हणून सांगितली जाते. सरकारने असलं काहीतरी मशीन काढलं, ते चाललंच नाही, कशी जिरली! यंत्र चाललं नाही हे खरं. पण ते नेमकं कुठे अडलं हे पुर्जा पुर्जा सुटा करून पाहिलं, तर हसू फार वेळ टिकत नाही. शिवाय त्याच घराण्यातली नवी यंत्रं अधूनमधून बाजारात येतच असतात. ती घेणाऱ्यांनी हे जुनं मॉडेल एकदा नीट उघडून बघावं.

गरज कुठून आली

सप्टेंबर १९४५ मध्ये ऑटावातल्या सोव्हिएत वकिलातीतला सांकेतिक संदेशांचा कारकून इगोर गुझेंको कागदपत्रं घेऊन बाहेर पडला आणि कॅनडा सरकारला आपल्या घरात हेर आहेत हे कळलं. १९४६ मध्ये 'सिक्युरिटी पॅनेल' नावाची वरिष्ठ अधिकाऱ्यांची समिती बसली. सुरुवातीला शोध कम्युनिस्टांचा होता. १९५० च्या दशकात त्यात 'चारित्र्यातले दोष' आले: दारू, जुगार, कर्ज आणि समलिंगी असणं. शेजारी अमेरिकेत १९५३ च्या अध्यक्षीय आदेशाने समलिंगी कर्मचाऱ्यांना सरळ दार दाखवायला सुरुवात झालीच होती. कॅनडात असा जाहीर आदेश निघाला नाही. सगळं गोपनीय टिपणांतून आणि मंत्रिमंडळाच्या अंतर्गत निर्देशांतून चालायचं.

तर्क असा मांडला जायचा: समलिंगी माणसाला गुपित ठेवावं लागतं, गुपित असलं की रशियन त्याला धमकावणार, धमकावलं की तो फुटणार. यातली गोम अशी की गुपित उघड झालं तर नोकरी जाईल ही भीती घातली होती सरकारनेच. धमकीचं हत्यार रशियनांच्या हातात देणारं खातं तेच, आणि ते हत्यार आहे म्हणून माणूस धोकादायक ठरवणारं खातंही तेच. जॉन वॉटकिन्स हे मॉस्कोतले कॅनडाचे राजदूत. केजीबीने त्यांना याच गोष्टीवरून जाळ्यात पकडू पाहिलं, त्यांनी देश विकला नाही. ऑक्टोबर १९६४ मध्ये मॉन्ट्रियलच्या एका हॉटेलात त्यांच्याच देशाचे पोलीस त्यांची चौकशी करत असताना ते वारले.

हे पोलीस म्हणजे रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलीस, आरसीएमपी. लाल डगला आणि घोडा हे त्यांचं पोस्टकार्डावरचं रूप. गोपनीय शाखेचं काम साध्या कपड्यांत चालायचं. एक माणूस पकडायचा, दटावायचा, मित्रांची नावं काढून घ्यायची, त्या मित्रांना गाठायचं, त्यांच्याकडून पुढची नावं. ऑटावाच्या नकाशावर लाल ठिपके लावायला घेतले तर नकाशा लाल होऊन गेला, मोठा नकाशा आणावा लागला, तोही पुरला नाही. १९६७-६८ पर्यंत आरसीएमपीच्या नोंदींत सुमारे ९,००० नावं जमली होती. त्यात सरकारी नोकर होते, तसे सरकारशी काडीचा संबंध नसलेलेही होते.

पण १९६२-६३ च्या सुमाराला आरसीएमपीचीच तक्रार दिसते की पूर्वी नावं देणारी मंडळी आता नावं द्यायला राजी नाहीत. लॉर्ड एल्गिन हॉटेलच्या तळघरातल्या बारचा किस्सा तिथे जाणाऱ्यांनी पुढे सांगितला आहे. साध्या वेशातला पोलीस वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसायचा, आडून फोटो काढायचा. ते लक्षात आलं की कुणीतरी त्याच्याकडे बोट करायचं आणि अख्खा बार तिकडे बघायचा.

खबरे आटत चालले होते. खबऱ्यावाचून चालेल असं काहीतरी हवं होतं. यंत्राच्या मागणीमागे हे एक कारण होतं. दुसरं थोडं सभ्य होतं: ऐकीव गोष्टींवर लोकांच्या नोकऱ्या जाताहेत, त्यापेक्षा शास्त्रीय कसोटी बरी, असं पॅनेलमधल्या काहींना वाटत होतं. वेक यांनी अमेरिकेत जाऊन तिथल्या पद्धती पाहिल्या आणि डिसेंबर १९६२ मध्ये अहवाल दिला. त्यात एकेक चाचणी तपासून कुठलीही एकटी पुरी पडत नाही असं म्हटलं होतं, म्हणून तीन-चार एकत्र लावायची शिफारस होती. इथेच कुणीतरी शहाण्याने 'राहू द्या' म्हणायला हवं होतं. झालं उलटं: आरोग्य खातं, रक्षा संशोधन मंडळ, आरसीएमपी असे सगळे कामाला लागले.

भाग आणि मांडणी

मुख्य भाग तीन. खुर्ची. खुर्चीसमोर एक काळी पेटी, तिच्यात चित्रं दिसायची. आणि कप्पीवर टांगलेला, डोळ्याकडे सरकवता येणारा कॅमेरा, बाहुलीचे फोटो घेणारा.

मूळ कल्पना शिकागो विद्यापीठातल्या एकहार्ड हेस यांची. आवडीचं काही दिसलं की डोळ्याची बाहुली मोठी होते, असा त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्याचा निबंध १९६० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. हेस यांच्या मांडणीत माणूस पेटीतल्या पडद्याकडे बघायचा, आरशातून त्याच्या डोळ्याची प्रतिमा १६ मिलिमीटरच्या फिल्मवर सेकंदाला दोन चौकटी या वेगाने टिपली जायची. प्रत्येक चित्र दहा सेकंद, त्याआधी तितकाच वेळ तशाच उजेडाचं एक कोरं, फक्त आकडे लिहिलेलं चित्र. म्हणजे एका चित्राला वीस चौकटी, कोऱ्या चित्राला वीस. पंधरा चित्रांचा संच घेतला की माणशी सहाशे चौकटी. त्या मोठ्या करून पडद्यावर टाकायच्या आणि पट्टी घेऊन एकेक बाहुली मोजायची. संगणक नाही, मोजणारा माणूस आणि त्याची चिकाटी.

वेक यांच्या यंत्रात चित्रांचा संच निरुपद्रवी दृश्यांपासून उघड्या पुरुषांच्या आणि बायकांच्या फोटोंपर्यंत होता. बसणाऱ्याला सांगायचं की हे मानसिक ताण मोजायचं यंत्र आहे. पुरुषाची बाहुली पुरुषाच्या चित्राला मोठी झाली की खूण करायची.

जोडीला उपकरणं होती. तळहाताचा घाम मोजणं, नाडी मोजणं, आणि शब्दांची यादी. शब्दांच्या यादीचा प्रकार खास आहे. समलिंगी लोकांच्या आपापसातल्या बोलीत ज्यांना वेगळा अर्थ आहे असे शब्द इतर शब्दांत मिसळून वाचायचे आणि घाम-नाडी कुठे हलते ते बघायचं. यादीत 'क्वीन', 'ड्रॅग', 'फ्रूट', 'ट्रेड' होते हे समजण्यासारखं आहे. पण 'सर्कस' होता, 'वेल्व्हेट' होता, 'बार' आणि 'रेस्टॉरंट'सुद्धा होते. दुपारी जेवायला न मिळालेल्या कारकुनाची नाडी 'रेस्टॉरंट' ऐकून हलली तर त्याने काय करायचं, याचं उत्तर यादीत नाही.

काय बिघडतं आणि का

पहिलं, उजेड. बाहुलीचं खरं काम उजेड कमी-जास्त करणं. तिचा व्यास अंधारात आठ मिलिमीटरच्या आसपास जातो, लख्ख प्रकाशात दोनवर येतो. आवडीनिवडीने होणारा बदल बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर. म्हणजे एक चित्र दुसऱ्यापेक्षा जरासं उजळ असलं तरी त्याने होणारा बदल हव्या त्या बदलाला सहज गिळून टाकतो. हेस यांनी कोरी चित्रं घातली ती यासाठीच, पण चित्राचा सरासरी उजेड जुळवून भागत नाही. नजर चित्राच्या काळ्या कोपऱ्यावर आहे की गोऱ्या खांद्यावर, यावरही बाहुली बदलते. नजर कुठे आहे ते त्या काळच्या कॅमेऱ्याला कळत नव्हतं.

दुसरं, कोन. कॅमेरा थेट डोळ्यासमोर ठेवला तर चित्र दिसत नाही, म्हणून तो बाजूला. बाजूने पाहिलं की गोल बाहुली लंबगोल दिसते, आणि डोळा हलला की तो लंबगोलही बदलतो. त्यात माणसं कमी-जास्त उंचीची, दोन डोळ्यांमधलं अंतर प्रत्येकाचं वेगळं, बाहुलीचा मूळ आकार वेगळा, वयाबरोबर ती लहान होत जाते ते आणखी वेगळं. यंत्रात यासाठी जुळवणीची पुरेशी सोय नव्हती. प्रत्येक माणसाचं माप त्याच्या स्वतःच्याच कोऱ्या मापाशी ताडून टक्क्यांत मांडलं तर यातलं थोडं सावरतं. कोन मात्र सावरत नाही.

तिसरं सगळ्यात अवघड: बाहुली कशामुळे मोठी झाली ते बाहुली सांगत नाही. हेस आणि त्यांच्या सहकाऱ्यानेच १९६४ मध्ये दाखवलं की नुसता तोंडी गुणाकार करायला दिला तरी ती मोठी होते, आणि १६ गुणिले २३ सारखा अवघड दिला तर जास्तच. भीतीने होते, दचकल्याने होते, लाजेने होते. सरकारी खुर्चीत बसवून, ताण मोजतोय असं सांगून, अचानक उघड्या माणसाचा फोटो समोर आणला तर १९६३ सालचा कुठलाही सद्गृहस्थ दचकणार. ते दचकणं आणि आकर्षण यांची चौकट एकच. आणि ज्याला खरंच काही लपवायचं आहे तो यंत्राचा बोभाटा ऐकूनच आलेला असेल. त्याने मनातल्या मनात पाढे म्हटले की मापं बिघडली.

चौथं, खोके दोनच. माणूस एकतर 'हा' नाहीतर 'तो', मधलं काही नाही, अशी गृहीत मांडणी. दोन्हींकडे ओढ असलेल्यांचं काय, हा प्रश्न रचनेतच नाही.

यातले उजेडाचे आणि कोनाचे दोष तरी सुधारता आले असते. आजचे अवरक्त प्रकाशावर चालणारे कॅमेरे सेकंदाला शेकडो वेळा बाहुली मोजतात, नजर कुठे आहे तेही सांगतात. पाचवा दोष कॅमेरा बदलून जात नाही, आणि आमच्या मते यंत्र तिथेच मेलं.

नमुन्यांचा प्रश्न

कुठल्याही मोजण्याच्या साधनाला आधी प्रमाण लागतं. किलोचं वजनच खात्रीचं नसेल तर वाण्याचा तराजू कितीही चकचकीत असो, माप चुकणारच. या यंत्रासाठी प्रमाण म्हणजे माणसं: हे नक्की समलिंगी, हे नक्की नाहीत. दोन्हींना खुर्चीत बसवायचं, दोघांच्या बाहुल्यांत फरक पडतो का बघायचं, रेषा कुठे ओढायची ते ठरवायचं. वेक यांची सुरुवातीची मागणी चार गटांची होती: समलिंगी नसलेले १५ पुरुष, समलिंगी नसलेल्या १५ स्त्रिया, १५ समलिंगी पुरुष, १५ समलिंगी स्त्रिया. साठ माणसं. एवढ्या मोठ्या सरकारला साठ माणसं जमवणं म्हणजे काहीच नाही, असं वाटेल.

जमली नाहीत. 'सरळ' गटासाठी आरसीएमपीचे जवान हवे होते, तर ते खुर्चीत बसेनात. चुकून आपलीच बाहुली मोठी झाली तर? यंत्रावर पोलिसांचा स्वतःचाच विश्वास नव्हता याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा शोधून सापडणार नाही. समलिंगी गटाचं त्याहून कठीण. नोकरी घालवणाऱ्या यंत्राचं प्रमाण ठरवायला स्वतःहून कोण जाणार? स्त्रिया तर जवळजवळ हाती लागतच नव्हत्या. पोलिसांचं सगळं लक्ष बागा, बार आणि पुरुष यांच्यावर, त्यांच्या जाळ्यात बायका फार कमी.

आणि समजा, आले असते. ते 'नक्की समलिंगी' हे ठरवलं कुणी? पोलिसांच्या फायलीने. फाइल भरली कशाने? खबऱ्याने दिलेल्या नावाने आणि धाकाने घेतलेल्या कबुलीने. खबरे नकोत म्हणून आणलेलं यंत्र शेवटी खबऱ्यांच्याच वहीवर जुळवायचं. वही चुकली तर यंत्र चुकणार, वही बरोबर असेल तर यंत्राची गरज काय? ज्या मोहिमेसाठी ते हवं होतं, तिनेच त्याला लागणारी माणसं घाबरवून पांगवली होती. १९६७ मध्ये पैसे बंद झाले.

हेस यांच्या गटाने १९६५ मध्ये याच विषयावर छापलेल्या प्राथमिक अभ्यासातही पुरुष किती होते? पाच अधिक पाच. पाच 'सरळ' पुरुषांची बाहुली बायकांच्या चित्रांना मोठी. पाच समलिंगींपैकी चौघांची पुरुषांच्या. दहा माणसांवरून प्रबंधाची दिशा ठरवता येते, कुणाची पेन्शन ठरवता येत नाही.

आता यंत्राला झुकतं माप देऊ. समजा ते दहापैकी नऊ वेळा बरोबर सांगतं, आणि समजा एखाद्या खात्यात हजार माणसं आहेत, त्यांत चाळीस समलिंगी. चाळीसपैकी ३६ सापडतील, चौघे सुटतील. उरलेल्या ९६० पैकी दहा टक्के, म्हणजे ९६, उगाच पकडले जातील. एकूण नावं १३२, त्यांतली ९६ चुकीची. दर चार नावांमागे जवळजवळ तीन. हे नव्वद टक्के अचूक यंत्राचं गणित. तितकं अचूक ते कधीच नव्हतं. कमी संख्येने असलेलं काहीही सगळ्यांना चाळणी लावून शोधायचं म्हटलं की हे होतं, मग तो आजार असो वा हेर. कुठल्याही कंपनीचा माणूस 'आमचं सॉफ्टवेअर ९० टक्के अचूक' म्हणून सांगायला आला तर आधी विचारा, किती जणांत किती शोधायचे आहेत?

आणि ते ३६? त्यांच्याकडून देशाला धोका होता हे कुठल्याही यंत्राने मोजलेलं नव्हतं. मोजत होते ती बाहुली.

याच जातीची इतर मॉडेलं

चेकोस्लोव्हाकियात कुर्त फ्रॉइंड यांनी १९५० च्या दशकात बाहुलीऐवजी थेट पुरुषाच्या लिंगातला रक्तप्रवाह मोजणारं साधन वापरलं. लष्कराला शंका होती की सक्तीची भरती चुकवायला तरुण समलिंगी असल्याचा बहाणा करतात. म्हणजे तिथे यंत्राने माणूस 'नाही' हे सिद्ध करायचं. फ्रॉइंड १९६८ नंतर कॅनडातच स्थायिक झाले. त्या चाचणीचं पुढचं रूप चेक प्रजासत्ताकाने आश्रय मागणाऱ्यांवर वापरलं: आमच्या देशात समलिंगी म्हणून छळ होतो म्हणता ना, मग दाखवा. २०१० च्या अखेरीस युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेने त्यावर कोरडे ओढले, आणि डिसेंबर २०१४ मध्ये युरोपीय न्यायालयाने असल्या चाचण्या माणसाच्या प्रतिष्ठेला धरून नाहीत असा निकाल दिला. जानेवारी २०१८ मध्ये हंगेरीच्या खटल्यात चित्रं दाखवून अर्थ काढणाऱ्या मानसशास्त्रीय चाचण्यांवरही तेच.

बाहुलीचं पुढे काय झालं हेही सांगायला हवं, नाहीतर परीक्षण एकांगी होईल. २०१२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी तीनशेहून जास्त स्त्री-पुरुषांवर आधुनिक कॅमेऱ्याने हाच प्रयोग केला. गटाची सरासरी काढली तर बाहुलीचा कल लोकांनी स्वतः सांगितलेल्या कलाशी बऱ्यापैकी जुळला. म्हणजे हेस यांच्या कल्पनेत तथ्य होतं. पण त्या प्रयोगात प्रमाण कोणतं होतं? लोकांचा स्वतःचा शब्द. नोकरी जाण्याची भीती नसलेली माणसं आपण कोण ते आधीच सांगून खुर्चीत बसली होती. जिथे विचारून उत्तर मिळतं तिथेच हे यंत्र जरा चालतं. तिथे ते घेऊन करायचं काय?

मराठी वाचकाला हे फार लांबचं वाटायचं कारण नाही. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूच्या विद्युत लहरींच्या चाचणीचा अहवालही आरोपीविरुद्ध धरला होता. ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग माणसाच्या मर्जीविरुद्ध करता येणार नाही असं सांगितलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारे कवी डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस यांच्या घरात कॅमेरा घेऊन माणसं घुसली, विद्यापीठाने त्यांना निलंबित केलं, अलाहाबाद उच्च न्यायालयाने १ एप्रिलला निलंबनाला स्थगिती दिली, आणि काही दिवसांतच ते घरात मृतावस्थेत सापडले. केंद्रीय विद्यापीठाची नोकरी होती ती. तिथे कुणाला बाहुली मोजायची गरज पडली नाही.

यंत्र गेल्यावर

फ्रूट मशीन 'अपयशी' म्हणून निकालात काढणाऱ्यांचं इथे चुकतं. ते भंगारात गेलं, वही राहिली. खबरे, चौकशा, फायली, सगळं तसंच. १९६९ मध्ये कॅनडाने खाजगीत दोन प्रौढांमधले समलिंगी संबंध गुन्ह्यातून काढले, तरी सरकारी नोकरीतली हकालपट्टी थांबली नाही. लष्करात तर लेखी नियमच होता. मिशेल डग्लस या तरुण अधिकारी स्वतः लष्कराच्या विशेष तपास शाखेत होत्या. त्याच शाखेने त्यांना विमानतळाजवळच्या हॉटेलात नेऊन प्रश्न विचारले आणि १९८९ मध्ये काढून टाकलं. त्या कोर्टात गेल्या. २७ ऑक्टोबर १९९२ रोजी सरकारने खटला लढवण्याऐवजी तडजोड केली आणि लष्करातली बंदी उठली. यंत्र बंद पडून तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती.

चौकशीची पद्धत यंत्रापेक्षा स्वस्त होती, हेही ध्यानात घ्या. हॉटेलची खोली, दोन अधिकारी, बंद दार, आणि घरच्यांना सांगू ही धमकी. जुळवणी नको, चित्रांचा संच नको, सहाशे चौकटी मोजायला नकोत. शिवाय माणूस बहुधा स्वतःच राजीनामा लिहून द्यायचा, त्यामुळे कागदावर 'काढलं' असं दिसतही नसे.

विक्रीनंतरची सेवा

कंपनीने चूक कबूल करायला पन्नास वर्षं घेतली. २८ नोव्हेंबर २०१७ रोजी पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी संसदेत माफी मागितली. सामूहिक दाव्यातली तडजोड जून २०१८ मध्ये फेडरल न्यायालयाने मंजूर केली. वैयक्तिक भरपाईसाठी कमाल ११ कोटी कॅनेडियन डॉलर, शिवाय स्मारक, प्रदर्शनं आणि जुनी कागदपत्रं उघडी करण्यासाठी वेगळा निधी. दर पायऱ्यापायऱ्यांचे: नुसती चौकशी किंवा धमकी झाली असेल तर ५,००० डॉलर, नोकरी गेली असेल तर ५०,०००, मानसिक इजा गंभीर असेल तर त्याहून जास्त, आणि शारीरिक किंवा लैंगिक अत्याचार झाला असेल तर १,५०,००० पर्यंत. दावे आले सुमारे सातशे, त्यांतले बहुसंख्य लष्करातले. मुलकी नोकरांचे त्या मानाने फारच थोडे.

योजना कागदावर चांगली आहे. पायऱ्या स्पष्ट, रक्कम आधीच माहीत, सगळ्यांनी एकदा साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहायची गरज नाही. जुन्या गुन्ह्याची नोंद पुसायला २०१८ मध्येच वेगळा कायदाही झाला. फक्त पात्रतेची अट वाचा. कालावधी १ डिसेंबर १९५५ ते २० जून १९९६, म्हणजे लैंगिक कल हा शब्द कॅनडाच्या मानवी हक्क कायद्यात आला त्या दिवसापर्यंत. आणि दावा करणारा ३१ ऑक्टोबर २०१६ रोजी हयात असला पाहिजे. वेक यांचा अहवाल आला तेव्हा पस्तिशीत असलेला कारकून त्या तारखेला एकोणनव्वदीत असणार होता.